वाळलेली पूड कोरडी का नसते

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "क्वार्ट्झची बारीक दळलेली पूड १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर ओव्हनमध्ये ठेवली. सकाळी ५ ग्रॅम तराजूवर घेतली, तर आकडा अर्धा तास वर सरकत राहिला. एकूण ८ मिलिग्रॅम वाढ. पुडीचं क्षेत्रफळ मोजून घेतलंय, ग्रॅमला ४ चौरस मीटर. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. क्वार्ट्झ म्हणजे नुसतं सिलिकॉन आणि ऑक्सिजन. त्याच्या सूत्रात पाणी नाही, मग हे पाणी धरून कोण ठेवतंय? आणि शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कच्या, पुडीला हाच त्रास फार कमी का? तेही सिलिकेटच ना?"

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक तराजूचा, दुसरा रेणूंचा. विचारणाऱ्याला वाटतंय की आपली पूड नीट वाळली नाही. माझ्या मते ती नीटच वाळली होती. घोळ "कोरडी" या शब्दात आहे. साध्या हवेत खनिजाचा कोरडा पृष्ठभाग नावाची गोष्ट नसते. अमुक तापमानाला, अमुक आर्द्रतेला कोरडा, एवढंच म्हणता येतं. बरीच वर्षं पुडी वाळवण्यात आणि तोलण्यात घालवल्यावर मी एवढ्यावर येऊन पोचलो आहे. ते का, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

आधी तराजूची शंका फेडून घेऊ. पूड पुरती गार व्हायच्या आत तोलली असेल तर आकडा पाण्याशिवायही चढतो. पूड ज्या भांड्यात तापवतो त्या गरम मुशीभोवतीची हवा तापून वर जाते आणि पॅनला किंचित उचलते, त्यामुळे वजन कमी दिसतं. मूस गार होत गेली की तो आधार सुटतो आणि आकडा वाढतो. हे तपासायचं तर रिकामी मूस त्याच ओव्हनमध्ये तितकाच वेळ ठेवा, तितकाच वेळ गार करा आणि तोला. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात रिकामी मूसच तोलायला लावतो. सगळे कंटाळतात, पण पुढे आकडा हलला की तो कशामुळे हलला हे त्यांना ओळखता येतं. रिकामी मूस दोन-तीन मिनिटांत स्थिर झाली आणि भरलेली अर्धा तास हलत राहिली, तर उरलेली वाढ पाण्याची.

आता हिशेब. पाण्याचा एक रेणू पृष्ठभागावर साधारण ०.१ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. म्हणजे एका चौरस नॅनोमीटरवर दहाच्या आसपास रेणू बसतात. एवढ्या दाटीचा एकच थर एका चौरस मीटरवर पसरला तर त्याचं वजन भरतं ०.३ मिलिग्रॅम. तुमच्या ५ ग्रॅम पुडीचं एकूण क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी मोठ्या खोलीची फरशी. तिच्यावर रेणूंचा एक थर म्हणजे ६ मिलिग्रॅम. तुम्हाला दिसले ८. म्हणजे सव्वा-दीड थर. साठ टक्के आर्द्रतेला क्वार्ट्झवर एक-दोन थर असणं हे अगदी ठरल्यासारखं आहे. तुमचा आकडा बरोबर आहे, ओव्हनही बरोबर आहे.

क्षेत्रफळ मोजलेलं नसेल तरी अंदाज बांधता येतो. कण गोल आणि गुळगुळीत धरले तर १ मायक्रोमीटर व्यासाच्या क्वार्ट्झच्या कणांचं क्षेत्रफळ ग्रॅमला सव्वादोन चौरस मीटर येतं, १० मायक्रोमीटरला त्याच्या दहावा भाग. खऱ्या दळलेल्या पुडीचे कण खडबडीत, टोकदार असतात, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच निघतं. भरड वाळूला हा त्रास जाणवत नाही तो एवढ्याचसाठी. पाणी तिच्यावरही तितक्याच थरांचं असतं, पण तराजूला ते कळत नाही.

हे पाणी धरतं कोण, हा खरा प्रश्न. क्वार्ट्झच्या आत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटलेला. सगळ्यांचे हात गुंतलेले, कोणी मोकळं नाही. सूत्र लिहितो ते या आतल्या भागाचं. पण कण फुटतो तेव्हा हे बंध तुटतात. एका बाजूला अर्धवट सिलिकॉन राहतो, दुसऱ्या बाजूला अर्धवट ऑक्सिजन. असा ताजा तुटलेला पृष्ठभाग फार वखवखलेला असतो. पाण्याचा रेणू त्याच्या तावडीत सापडला की त्याचेच दोन तुकडे होतात. हायड्रॉक्सिलचा, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांच्या जोडीचा, तुकडा सिलिकॉन घेतो, उरलेला हायड्रोजन ऑक्सिजनला मिळतो. दोन्हीकडे शेवटी एकच गोष्ट तयार होते: सिलिकॉन, त्याला ऑक्सिजन, त्याला हायड्रोजन. याला सिलॅनॉल म्हणतात.

ताजा पृष्ठभाग पाण्यावाचून किती वेळ राहू शकेल? साठ टक्के आर्द्रतेच्या खोलीत दर चौरस नॅनोमीटरवर वाफेचे रेणू सेकंदाला सहा-सात कोटी वेळा आदळत असतात. प्रत्येक धडकेत बंध तुटतो-जुळतो असं नाही, काही जागांवर ही प्रक्रिया रेंगाळतेही. पण संख्या पाहता कोरडेपणाला फारसा वाव नाही हे दिसतंच. तुम्ही पूड दळत होता तेव्हाच तिने पाणी घेतलं. त्यामुळे "क्वार्ट्झवर पाणी बसतं" हे वाक्य जरा उलटं आहे. पाणी आणि फुटलेला क्वार्ट्झ यांच्यातून जे तयार झालं त्यालाच आपण क्वार्ट्झचा पृष्ठभाग म्हणतो.

जाता जाता सांगून ठेवतो. ताज्या फुटलेल्या क्वार्ट्झची बारीक धूळ जुन्या धुळीपेक्षा फुप्फुसाला जास्त घातक असते, आणि या अर्धवट तुटक्या जागा हे त्याचं एक कारण आहे. दळताना चांगला मास्क लावा. साधा फडका चालत नाही.

तर आता पृष्ठभागावर सिलॅनॉलचं रान आहे. पूर्ण भिजलेल्या, बिनस्फटिकी सिलिकावर (सिलिकॉन-ऑक्सिजनचंच द्रव्य, पण रचना विस्कळीत) त्यांची संख्या दर चौरस नॅनोमीटरला पाचाच्या आसपास असते. क्वार्ट्झवर ती कुठला पैलू उघडा आहे यावर कमीजास्त होते. हा हायड्रॉक्सिल आता खनिजाचा भाग आहे, तो पाहुणा नाही. त्याच्याकडे एक हायड्रोजन आहे जो तो पुढे करू शकतो आणि एक ऑक्सिजन आहे जो दुसऱ्याचा हायड्रोजन घेऊ शकतो. पाण्याच्या रेणूला नेमकी हीच भाषा कळते. पुढून येणारे रेणू या सिलॅनॉलना हायड्रोजन बंधाने लटकतात, त्यांना आणखी रेणू लटकतात. तुमच्या तराजूवरचे ८ मिलिग्रॅम म्हणजे हे लटकलेले रेणू.

म्हणजे एकाच पृष्ठभागावर दोन प्रकारचं "पाणी" आहे, आणि वाळवण्याबद्दलचा बहुतेक गोंधळ या दोघांना एकाच नावाने हाक मारण्यातून येतो. अख्खे रेणू म्हणून बसलेलं पाणी १०५ अंशांना बहुतांशी निघून जातं. सिलिकावरचं अगदी चिवट पाणी जायला २०० च्या जवळ जावं लागतं. सिलॅनॉल मात्र तिथेच राहतात. साधारण २०० च्या पुढे शेजारशेजारचे दोन सिलॅनॉल मिळून पाण्याचा एक रेणू सोडायला लागतात आणि मागे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पूल उरतो. तुमची पूड ओव्हनमधून बाहेर आली तेव्हा पाहुणे गेलेले होते, पण खुर्च्या मांडलेल्याच होत्या. दार उघडल्याबरोबर पाहुणे परत आले.

इथे कोणी तरी म्हणेल, मग ८०० अंशांना भाजू आणि खुर्च्याच काढून टाकू. असं करून पाहिलेले लोक माझ्याकडे येतात. चारशेच्या वर भाजलेल्या सिलिकावर जे पूल तयार होतात ते पाण्याने सहज उघडत नाहीत. असा पृष्ठभाग पाणी कमी धरतो, ओला व्हायला कां-कूं करतो, आणि साध्या हवेत मूळ स्थितीवर यायला बराच काळ लागतो. शिवाय ५७३ अंशांना क्वार्ट्झची रचना एका रूपातून दुसऱ्या रूपात उडी मारते, आकारमान बदलतं, कणांना तडे जाऊ शकतात आणि तिथे नवा पृष्ठभाग उघडतो. आकडा स्थिर होईल, पण तो ज्या पुडीचा असेल ती तुमची राहिलेली नसेल. तुम्हाला रासायनिक विश्लेषणासाठी वजन हवं असेल तर कदाचित चालेल. पूड पुढे कशात मिसळायची असेल, तिच्यावर काही चिकटवायचं असेल, तर अजिबात नाही. म्हणून "किती अंशांना वाळवू" याचं उत्तर पुडीचं पुढे काय करायचं आहे हे कळल्याशिवाय देता येत नाही.

हे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात, आणि त्यासाठी अवरक्त प्रकाश कामी येतो. पाण्याचा अख्खा रेणू कात्रीसारखा उघड-मीट करतो. त्या हालचालीची खूण सेंटिमीटरला १६३० तरंगांच्या आसपास उमटते. एकट्या हायड्रॉक्सिलला दुसरं पातंच नसतं, त्यामुळे ती खूण त्याला देता येत नाही. उलट कोणाशीही न जुळलेला एकटा सिलॅनॉल ३७४५ च्या जवळ एक बारीक, टोकदार शिखर देतो. पूड तापवत तापवत नोंद घेतली तर १६३० ची खूण मावळते आणि ३७४५ चं शिखर उगवतं. पाहुणे उठले आणि खुर्च्या दिसायला लागल्या. प्रयोगशाळेत ज्या मोजक्या गोष्टी पाहताना मला अजूनही मजा येते, त्यांतली ही एक.

याच फरकावर चंद्रावरच्या पाण्याचा वादही अडला होता. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने २००९ मध्ये चंद्राच्या मातीत ३ मायक्रोमीटरच्या जवळ शोषण दाखवलं. पण त्या जागी हायड्रॉक्सिल आणि पाणी दोघंही बोलतात, कोण बोलतंय हे सांगता येत नव्हतं. २०२० मध्ये विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने ६ मायक्रोमीटरच्या जवळची खूण पाहिली, म्हणजे तीच कात्रीची हालचाल. तेव्हा अख्ख्या रेणूंबद्दल बोलता आलं. तुमची मूस आणि चंद्राची माती, प्रश्न एकच.

आता शंखजिरं. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचा हा भाग जास्त चांगला आहे.

शंखजिरं आणि अभ्रक शेजारी ठेवा. दोन्ही पापुद्र्यांची खनिजं. दोन्हींच्या पापुद्र्याचा वरचा तळ सारखाच दिसतो: सिलिकॉन-ऑक्सिजनच्या षटकोनी जाळीचा. अभ्रकाचा पापुद्रा नुकता सोडवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा, तो पसरून दिसेनासा होतो. शंखजिऱ्याच्या स्वच्छ पापुद्र्यावर तोच थेंब गोलसर उभा राहतो. जाळी तीच असताना असं का?

शंखजिऱ्याच्या पापुद्र्यात सगळा हिशेब चुकता आहे. वरच्या तळावरचा प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये आधीच वाटलेला, एकही बंध तुटलेला नाही. कारण पापुद्रे वेगळे होताना बंध तुटतच नाहीत, ते एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. शंखजिऱ्यात हायड्रॉक्सिल आहेत, सूत्रातच आहेत, पण ते षटकोनाच्या खळग्यात आत बसलेले. बाहेरच्या रेणूला एखाद-दुसरा बंध मिळतो, मनाजोगता नाही. अभ्रकात मात्र चार सिलिकॉनपैकी एकाच्या जागी ॲल्युमिनियम असतो. सिलिकॉनचा प्रभार चार, ॲल्युमिनियमचा तीन. त्यामुळे पापुद्र्यावर दर अर्ध्या चौरस नॅनोमीटरला एक याप्रमाणे ऋणप्रभार शिल्लक राहतो आणि तो फेडायला पोटॅशियमचे आयन, म्हणजे प्रभारलेले अणू, पापुद्र्यांच्या मधे बसलेले असतात. पापुद्रा सोडवला की ते दोन्ही बाजूंना वाटले जातात. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन. त्याला प्रभारलेला पृष्ठभाग आणि उघडे आयन दोन्ही मिळाले की तो का पसरणार नाही?

म्हणून सूत्र वाचून पृष्ठभाग ओळखता येत नाही. कुठे तुटलं आणि तुटताना काय उघडं पडलं, ते पाहावं लागतं.

शंखजिरं पाणी "ढकलतं" असं मात्र म्हणू नका. जलविरोधी हा शब्द आपल्याला फसवतो. पाण्याचा एकटा रेणू शंखजिऱ्याच्या पापुद्र्याकडे ओढलाच जातो. पण शेजारी दुसरे रेणू असले की ते त्याला पापुद्र्यापेक्षा जास्त जोराने ओढतात. प्रत्येकाला आपल्यासारखे चार शेजारी हवे असतात, आणि पापुद्रा ती भरपाई करू शकत नाही. म्हणून रेणू एकमेकांत गोळा होतात आणि आपल्याला थेंब दिसतो. विरोध नाही, फक्त कमी ओढ. खनिजं वेगळी करणाऱ्या कारखान्यांत फेसाच्या टाक्या असतात, तिथे शंखजिरं काही न घालताही बुडबुड्यांना चिकटून वर येतं ते याचमुळे. हवं असो वा नसो.

तुमच्या शंखजिऱ्याच्या पुडीने थोडं पाणी घेतलंच असेल. ते बहुतेक कडांवरचं. पापुद्र्याची कड म्हणजे खराखुरा तुटलेला भाग, तिथे सिलॅनॉल आहेत आणि मॅग्नेशियमला लागलेले हायड्रॉक्सिलही. पूड जितकी जास्त वेळ दळाल तितके पापुद्रे लहान होतील आणि कडांचा वाटा वाढेल. एकाच पिशवीतलं शंखजिरं एक तास आणि दहा तास दळून तोललं तर दोन वेगळी खनिजं असल्यासारखं वागताना दिसेल.

अभ्रकावरून माझी एक फजिती आठवली. सुरुवातीच्या काळात मी अभ्रकावरचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, मोजत होतो. थेंब पसरायला हवा होता, तो उभा राहत होता. अभ्रकाचा तुकडा बदलला, पाणी बदललं, दोन आठवडे गेले. मग लक्षात आलं की पापुद्रा सोडवल्यानंतर मी तो कॅमेरा जुळवेपर्यंत वीसेक मिनिटं उघडा ठेवत होतो, आणि शेजारी व्हॅक्यूम पंप चालू होता. हवेतल्या तेलकट वाफांचा अत्यंत पातळ थर त्यावर बसत होता. पंप हलवला, पापुद्रा थेंबाच्या आधी काही सेकंद सोडवायला लागलो, थेंब पसरला. उच्च ऊर्जेचा पृष्ठभाग पाण्याइतक्याच आनंदाने घाणही घेतो. कोणी तुम्हाला "अमुक खनिजाचा स्पर्शकोन इतका" असं सांगितलं तर पहिलं विचारा, किती वेळ उघडं होतं आणि कशाने धुतलं होतं.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी फजितीही घाणीचीच आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात फेद्याकिन आणि पुढे देर्यागिन यांनी क्वार्ट्झच्या केसासारख्या नळ्यांमध्ये वेगळंच, घट्ट, जड पाणी तयार होतं असा दावा केला. त्याला पॉलिवॉटर म्हणायला लागले आणि काही वर्षं जगभर त्यावर काम झालं. शेवटी ते नळीतून विरघळलेली द्रव्यं आणि इतर अशुद्धी मिसळलेलं साधं पाणी निघालं. १९७३ मध्ये देर्यागिन यांनी स्वतः तसं मान्य केलं. तेव्हापासून "पृष्ठभागाजवळचं पाणी वेगळं असतं" असं कोणी म्हटलं की आमच्या पिढीचे कान टवकारतात.

तरी ते थोडं वेगळं असतंच. फक्त ते वेगळेपण फार लांबवर जात नाही. १९८३ मध्ये इस्राएलअश्विली आणि पॅशली यांनी अभ्रकाचे दोन पृष्ठभाग पाण्यात एकमेकांजवळ आणून त्यांच्यातलं बल मोजलं. जवळ येताना बल सरळ वाढत गेलं नाही, ते लाटांसारखं वरखाली झालं, आणि लाटेची लांबी होती ०.२५ नॅनोमीटर. जवळपास पाण्याच्या एका रेणूची जाडी. पाणी एकेक थराने बाहेर काढावं लागत होतं. क्ष-किरणांनी पाहिलं तरी पृष्ठभागाजवळ पाण्याची घनता थराथराने कमीजास्त होताना दिसते, आणि एखाद्या नॅनोमीटरच्या पुढे ती साध्या पाण्यासारखी सपाट होते. दोन-तीन-चार थर, बस्स.

हे थर बर्फ आहेत असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. मला तो शब्द पटत नाही. बर्फात रेणू आपल्या जागेवर डांबलेला असतो. इथे थर आहेत पण थरातले रेणू हलतात, वळतात, जागा बदलतात. साध्या पाण्यात एक हायड्रोजन बंध पिकोसेकंदांच्या हिशेबात तुटतो आणि दुसरा जुळतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीवा भाग. सिलॅनॉलशेजारी हेच काही पटींनी संथ होतं. "बद्ध पाणी" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर खिळ्याने ठोकलेलं काही तरी येतं, प्रत्यक्षात ती जरा सावकाश बदलणारी गर्दी आहे.

खरं घट्ट धरलेलं पाणी पाहायचं तर आयनांकडे पाहा. सोडियमच्या भोवतीचा रेणू नॅनोसेकंदाच्या हिशेबात बदलतो. मॅग्नेशियमजवळचा मायक्रोसेकंदांत. ॲल्युमिनियमजवळचा सेकंदभर टिकतो आणि क्रोमियमजवळचा दिवसांच्या हिशेबात. पाणी तेच, हायड्रोजन-ऑक्सिजनचं. किती काळ धरलं जातं यात चौदा-पंधरा दशघातांचा, म्हणजे एकावर चौदा-पंधरा शून्यं इतक्या पटींचा, फरक. म्हणून माझ्यासाठी "हे पाणी बद्ध आहे का" हा अर्धा प्रश्न आहे. किती वेळासाठी, हे त्याच्यापुढे जोडावं लागतं.

आयनांचा हा स्वभाव चिकणमातीत उघड दिसतो. तिथे माँटमोरिलोनाइट ही फुगणारी माती असेल तर तुमचं गणित साफ बदलेल. तिचे पापुद्रेही अभ्रकासारखे प्रभारलेले, पण प्रभार कमी. म्हणून मधले आयन पापुद्र्यांना घट्ट आवळून धरू शकत नाहीत आणि पाणी आत शिरतं. कोरडी असताना थरांचं अंतर सुमारे १ नॅनोमीटर, पाण्याचा एक थर शिरला की १.२५, दोन शिरले की १.५, तीन शिरले की १.९ च्या आसपास. पाणी इथे चढत जात नाही, पायऱ्यांनी उडी मारतं. मधे कॅल्शियम असेल तर फुगणं तिथेच थांबतं. सोडियम असेल तर भरपूर पाण्यात पापुद्रे आणखी दूर दूर जात राहतात. पोटॅशियम असेल तर फुगणं अवघड, कारण त्याला स्वतःचं पाणी फारसं प्रिय नसतं आणि तो षटकोनी खळग्यात चपखल बसतो. तुमच्या पुडीत अशी चिकणमाती दोन-चार टक्के जरी मिसळलेली असेल, तरी क्वार्ट्झचा सगळा हिशेब तिच्या आवाजात बुडून जाईल. एका ग्रॅम माँटमोरिलोनाइटचं आतलं-बाहेरचं मिळून क्षेत्रफळ साडेसातशे चौरस मीटरच्या घरात असतं. तुमचे आकडे दीड थराशी जुळताहेत यावरून तुमची पूड बरीच स्वच्छ आहे, असं मी म्हणेन.

कॅल्साइटबद्दल, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाबद्दल, फार लिहीत नाही. तिथे पाणी फुटत नाही, अख्खंच बसतं. कॅल्शियमला आत सहा ऑक्सिजन शेजारी असतात, पृष्ठभागावर त्यातला एक हरवलेला असतो, आणि पाण्याचा रेणू ती सहावी जागा भरतो.

आता व्यवहाराचं. पूड झाकणाच्या वजनी बाटलीत वाळवा. ओव्हनमधून काढताच झाकण लावा आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारं द्रव्य ठेवलेल्या बंद भांड्यात, पूर्ण गार होऊ द्या. झाकणासकटच तोला. उघडी तोलायचीच असेल तर दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा आणि आलेख मागे ओढून शून्य वेळेचं वजन काढा. डेसिकेटरमधलं सिलिका जेल ताजं भाजलेलं असू द्या. दमलेलं जेल तुमच्या पुडीइतकंच ओलं असतं. पूड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, तिच्यातूनही तेलकट वाफा पुडीवर बसू शकतात; माझ्या पंपाची गोष्ट आठवा. आणि अहवालात नुसतं "वाळवलेली" लिहू नका, तापमान, वेळ आणि तोलताना खोलीतली आर्द्रता लिहा.

१०५ अंश सगळ्यांना चालतं असंही धरू नका. जिप्समच्या वजनाचा एक पंचमांशाहून थोडा जास्त भाग स्फटिकातलंच पाणी असतं आणि ते या तापमानाला बाहेर पडायला लागतं. तुम्ही पृष्ठभाग वाळवतोय म्हणत खनिजच बदलून टाकाल. गोएथाइट हे लोहखनिज अडीचशे-तीनशेच्या पुढे हेमटाइट हे दुसरं लोहखनिज होऊ लागतं. केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाचे हायड्रॉक्सिल साडेचारशेच्या पुढे जातात, तोवर ते स्वस्थ असतं. शंखजिरं तर त्याच्याही बरंच पुढे टिकतं.

उत्सुकता असेल तर एक स्वस्त प्रयोग करून पाहा. हवाबंद बरण्यांत वेगवेगळ्या क्षारांची संपृक्त द्रावणं ठेवा. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवरच्या हवेत आर्द्रता ३३ टक्के राहते, मॅग्नेशियम नायट्रेटवर ५३, मिठावर ७५, पोटॅशियम सल्फेटवर ९७. प्रत्येकात तुमची क्वार्ट्झची पूड आणि शेजारी शंखजिऱ्याची ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत, आणि ग्रॅमला नव्हे तर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम पाणी आलं ते काढा. ते ०.३ ने भागलं की थर मिळतात. क्वार्ट्झचा पहिला थर ३३ ते ५३ च्या दरम्यान पुरा होताना दिसावा, शंखजिरं बरंच मागे रेंगाळेल. फक्त ९७ च्या बरणीतला आकडा थरांच्या हिशेबात धरू नका. ६० टक्क्यांना २ नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतच्याच फटी पाण्याने भरतात, ९७ ला तीसेक नॅनोमीटरपर्यंतच्या. कण जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यांत तेव्हा खरंखुरं पाणी साचलेलं असतं, आणि तुम्ही पुडीचा पृष्ठभाग नव्हे तर तिच्या फटी तोलत असता.